घरी गोफण विणायची कशी, आणि कुणाचं डोकं न फोडता चालवायची कशी

आधी एक घोळ मिटवू. गोफण म्हणजे गलोल नाही. गलोल किंवा बेचकी म्हणजे ते फांदीचं दुबेळकं लाकूड आणि त्याला सायकलच्या ट्यूबचं रबर. गोफणीत रबर नाही, स्प्रिंग नाही, काहीच नाही. दोन दोऱ्या, मध्ये दगड बसायला झोळी, एका दोरीच्या टोकाला बोटात अडकवायचा फास, दुसऱ्या टोकाला गाठ. गाठ चिमटीत धरायची, हात फिरवायचा, चिमूट सोडायची, दगड गेला. संपलं. आणि एवढ्याशा दोरीला हात बसायला मला दोन वर्षं लागली, कारण शिकवणारं कुणी उरलं नव्हतं आणि जिनं शिकवलं असतं तिच्याकडं मी लहानपणी नीट बघितलं नव्हतं.

ती म्हणजे आमची आजी. मंगळवेढ्याकडचं काळं रान, मालदांडी ज्वारी, जानेवारी महिना, कणसं दुधात आलेली. या दिवसात भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, येतात, शेकड्यांनी, आणि एका बसकीत कणसंच्या कणसं मोकळी करून जातात. मग शेतात माळा बांधायचा आणि दिवस उगवायच्या आधीपासून त्यावर उभं राहून हाऽऽ हूऽऽ करत पाखरं राखायची. आजीच्या पायाशी गुंड्यांचा, म्हणजे गोफणीतून फेकायच्या गोळ्या-दगडांचा, ढीग असायचा. ती गोफण डोक्यावरून एकदा, फार तर दीडदा फिरवायची आणि सोडायची, आसुडासारखा फाट आवाज यायचा आणि चादर झटकावी तसा सगळा थवा उठायचा. मी दहा वर्षांचा, मी पण घेतली, आठ-नऊ वेळा गरागरा फिरवली आणि गुंडा माझ्या मागं विहिरीकडं गेला. आजी म्हणाली, "आरं पंखा हाय का त्यो? फिरवतुयास किती, सोड की आता!"

पुढं जे काही शिकलो ते या एका वाक्याभोवतीच आहे. गोफण फिरवण्यात काही नाही, सोडण्यात आहे. ज्यांना जमत नाही ते सगळे जास्त फिरवतात.

काय काय लागतं

तागाची सुतळी, साधारण अडीच-तीन मिलिमीटर जाडीची, किराणा किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पंधरा-सोळा मीटर पुरते. शिवाय कात्री, मोजपट्टी, एक दाभण आणि पाण्याचा डबा. पूर्वी अंबाडीचा नाहीतर घायपाताचा वाख काढून दोरी वळायचे, ती सुतळीपेक्षा कितीतरी टिकाऊ, मिळाली तर तीच घ्या. काथ्या नको, हाताची सालं निघतात. नायलॉनची गुळगुळीत दोरी मजबूत असते पण गाठ चिमटीतून आपोआप सटकते आणि झटका दिला की ती थोडी ताणली जाते, त्यामुळे नवशिक्यानं तिच्या नादी लागू नये. सुती दोरी चालते, फक्त लवकर झिजते.

जगात जिथं जिथं मेंढपाळ आहेत तिथं जे हाताशी आहे त्याची गोफण होते. तिबेटात याकच्या केसांची विणतात, तिला उर्दो म्हणतात. पेरू-बोलिव्हियात लामा आणि अल्पाकाच्या लोकरीची, तिथं नाव वाराका, आणि तिच्यावर असली नक्षी असते की फेकायला जीव होऊ नये. इजिप्तमध्ये तुतनखामेनच्या थडग्यात, म्हणजे जवळपास ३३०० वर्षांपूर्वीच्या सामानात, विणलेल्या गोफणी निघाल्यात. काम सगळीकडं जवळपास एकच. आपल्याकडचा धनगर करतो तेच, कळपातून फुटलेल्या मेंढीच्या पुढं दगड टाकायचा म्हणजे ती आपोआप माघारी वळते. मेंढीला मारायचा नसतो, तिच्या नाकासमोर पाडायचा असतो. यातच नेम किती बारीक लागत असेल ते कळतं.

लांबी किती

माप असं घ्यायचं. सरळ उभं राहा, हात खाली सोडा, मुठीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा आणि त्यातून पाच-सात सेंटीमीटर कमी करा. मध्यम उंचीच्या माणसाला ते ६५ सेंटीमीटरच्या आसपास येतं. ही दुमडलेल्या गोफणीची लांबी, म्हणजे बोटापासून झोळीच्या तळापर्यंत. पूर्ण उलगडली की याच्या दुप्पट. आखूड गोफण नेमाला बरी, लांब गोफण अंतराला. लांब गोफणीत हाताच्या त्याच गतीला दगडाचा वेग जास्त मिळतो, पण सोडायच्या क्षणात जरा चूक झाली की तीही तेवढीच मोठी होऊन दिसते. स्पेनजवळच्या बॅलेआरिक बेटांवरचे गोफणवाले प्राचीन काळात फार नावाजलेले, कार्थेज आणि रोम दोघांच्याही फौजेत असायचे, ते म्हणे तीन वेगवेगळ्या लांबीच्या गोफणी जवळ बाळगायचे, एक डोक्याला गुंडाळलेली, एक कमरेला, एक हातात. आपण एकीपासून सुरू करू. पहिली ६५ चीच करा, हावरटपणा करून मीटरभराची करू नका. मी केली होती, ती अजून खिळ्याला लटकतीय.

विणायला बसू

सुतळीचे साडेचार मीटरचे तीन तुकडे कापा. एवढे लांब का, तर वेणी घातली की लांबी बरीच खाल्ली जाते, अंदाजे सव्वा ते दीडपट दोरी लागते. तिन्ही तुकडे पाण्यातून काढून पिळून घ्या, ओली सुतळी नरम पडते, वेणी घट्ट बसते आणि तो केसाळपणाही थोडा दबतो.

आता तिन्ही तुकडे एकत्र धरून बरोबर मध्य शोधा. मध्याच्या एका बाजूला पाच सेंटीमीटरवर चिमटा लावा, कपडे वाळत घालायचा चालेल, आणि तिथून तीन पदरांची साधी वेणी घाला, आपण केसांची घालतो तीच, दहा सेंटीमीटर. ही वेणी दुमडा. झाला फास! तो मधल्या बोटात घालून बघा, बोटात सहज जायला हवा पण हात झटकला तर निसटायला नको. सैल वाटला तर दोन-चार वेढे उसवा, घट्ट वाटला तर दोन वाढवा.

दुमडल्यावर आता तुमच्या हातात तीनाची सहा टोकं आली. दोन-दोनच्या तीन जोड्या करा, प्रत्येक जोडी म्हणजे एक पेड, आणि या तीन जाड पेडांची वेणी सुरू करा. फास दाराच्या कडीला किंवा खिडकीच्या गजाला अडकवला तर काम सोपं होतं. पहिले दोन-तीन वेढे जिवाच्या आकांतानं ओढा, कारण फासाच्या मुळाशीच सगळा ताण येतो. ही वेणी ५८ सेंटीमीटर घालायची. सगळीकडं ओढ सारखी ठेवा, टीव्ही बघत विणलं की अर्धी वेणी कडक आणि अर्धी ढिली होते, मी सांगतोय ते अनुभवानं.

मग झोळी. इथं सहा दोऱ्या तीन-तीनच्या दोन भागात फोडा, प्रत्येक जोडीतली एक दोरी डावीकडं आणि एक उजवीकडं अशी वाटणी केली की फुटलेल्या जागी वेणी नीट बसते. आता दोन बारीक वेण्या शेजारी शेजारी, प्रत्येकी १४ सेंटीमीटर. यात एकच गोष्ट महत्त्वाची, दोन्हींची लांबी तंतोतंत सारखी हवी. पट्टीनं मोजा आणि वेढेही मोजा. एक वेणी जरी पाऊण सेंटीमीटर मोठी झाली तरी झोळी तिरकी होते आणि दगड फिरताना एका बाजूनं घरंगळतो. घरंगळलेला दगड कुठं जाईल ते देवाला माहीत. वेढे जुळले नाहीत तर आळस न करता उसवा.

दोन्ही झाल्या की परत दोन-दोनच्या जोड्या करून जाड वेणी चालू, या वेळी ७० सेंटीमीटर, थोडी जास्तच ठेवायची कारण गाठीची जागा आपण शेवटी ठरवणार आहोत. टोक तात्पुरतं सुतळीनं बांधून ठेवा.

खरं तर गोफण इथंच तयार झाली. दोन वेण्यांच्या फटीत दगड बसतो आणि बऱ्याच ठिकाणी अशीच फटीची गोफण वापरतात. पण छोटा खडा फटीतून पडतो, म्हणून मी जाळी भरतो. दाभणात दोन मीटर सुतळी ओवा, झोळीच्या एका टोकाला गाठ मारून सुरुवात करा आणि एका वेणीवरून, दुसरीखालून, परत फिरून दुसरीवरून, पहिलीखालून, असं बाज विणल्यासारखं आडवं भरत जा. दोन वेण्यांच्या मध्ये एक मोठं लिंबू ठेवून विणायचं, म्हणजे मध्ये तीन-चार सेंटीमीटर रुंदी आणि दोन्ही टोकांना निमुळती अशी पानासारखी झोळी होते, आणि तिला थोडा खोलगटपणा येतो. कचकचून आवळलं तर पट्टा होतो, त्यावर दगड टिकत नाही.

घाई असेल तर जुन्या जीन्सचा १६ बाय ७ सेंटीमीटरचा पानाच्या आकाराचा तुकडा दुहेरी शिवायचा, टोकांना भोकं पाडायची आणि दोन दोऱ्या बांधायच्या. तासाभरात होते. चालते पण तिच्यात मजा नाही.

गाठ कुठं मारायची

ही पायरी लोक गाळतात आणि मग गोफणीला शिव्या देतात. फास मधल्या बोटाच्या मुळाशी घाला, झोळीत दगड ठेवा, दुसरी दोरी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरा आणि गोफण लटकती सोडा. आता झोळी एकदम समतोल दिसेपर्यंत चिमटीतली दोरी वर-खाली करा. समतोल झाली की चिमटीच्या अगदी खाली पेनानं खूण करा, आणि गाठ अशी मारा की ती चिमटीच्या आतच राहील. साधी एकपदरी गाठ पुरते, वाटाण्याएवढी. फार मोठी केली तर सुटताना बोटाला अडखळते, आणि तो अडखळण्याचा निमिष म्हणजे दगड डावीकडं वीस फूट.

गाठीच्या पुढं सात-आठ सेंटीमीटर दोरी ठेवून तिचे पदर उसवा, गोंडा होतो. हा गोंडा शोभेचा नाही, फाट आवाज येतो तो या टोकानं. पाखरं उठतात ती निम्मी त्या आवाजानंच, आजी कित्येकदा झोळीत काहीच न ठेवता नुसती गोफण वाजवायची.

गुंडा कसला घ्यायचा

सुरुवात दगडानं करायची नाही. नाही म्हणजे नाही. टेनिस बॉल घ्या, त्याचं वजन ५८ ग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे आपल्याला हवं तेवढंच, आकारानं मोठा असल्यामुळे हवेत अडतो आणि फार लांब जात नाही, आणि कुठं गेला ते दिसतो. झोळीत बसत नसेल तर थोडं दाबून बसवा. पहिले पंधरा दिवस फक्त बॉल.

मग मातीचे गुंडे. काळी माती, तिच्यात निम्म्याहून थोडी कमी वाळू, चाळून मळायची. नुसत्या काळ्या मातीचे केले तर वाळताना भेगा पडतात, ती माती आटतेच तशी. लिंबाएवढे गोळे किंवा दोन्हीकडं निमुळते करायचे, आणि सावलीत आठवडाभर वाळवायचे, उन्हात नको. हे कठीण जमिनीवर किंवा भिंतीवर आपटले की फुटतात, उसळून परत येत नाहीत, हा मोठा फायदा. ही काही माझी अक्कल नाही, सीरियातल्या हमूकार या ठिकाणी उत्खननात सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचे मातीचे गोफणगुंडे हजारावर निघालेत.

दगड शेवटी. नदीच्या पात्रातले गोलसर गोटे, सुपारीपेक्षा मोठे आणि लिंबापेक्षा लहान. आपला काळा दगड जड असतो, साडेतीन सेंटीमीटर व्यासाचा गोल गोटा साधारण ६५ ग्रॅम भरतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वीस-पंचवीस गोटे ५५ ते ७५ ग्रॅममध्ये निवडून ठेवा, घरचे काय म्हणायचं ते म्हणू देत. प्रत्येक वेळी वेगळं वजन फेकलं तर हाताला कधीच सवय लागत नाही. आणि मोठा दगड लांब जातो हा भ्रम काढून टाका. इ.स.पू. ४०१ मध्ये झेनोफोन या ग्रीक सेनानी-लेखकाबरोबर बाबिलोनजवळून, म्हणजे आजच्या इराकातून, परत निघालेल्या ग्रीक फौजेत ऱ्होड्स बेटावरचे गोफणवाले होते, त्यांचे शिशाचे छोटे गुंडे समोरच्यांच्या मूठभर दगडांपेक्षा दुप्पट लांब जायचे, असं त्यानंच लिहून ठेवलंय. लहान पण जड, हा नियम. तरी शिसं आपण हातात धरायचं नाही, विषारी आणि शेतात पडून राहणारं, आणि बंदुकीच्या गोळीसारखं काम करणारं.

जागा

थोडं गणित. बऱ्यापैकी सराव झालेल्या माणसाच्या गोफणीतून दगड सेकंदाला ३० मीटर वेगानं सुटतो असं धरा, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. हवेचा अडथळा सोडून दिला तर ४५ अंशात तो ९० मीटरवर पडेल. वेग ४० झाला तर अंतर १६० च्या पुढं. १९८१ साली अमेरिकेत युटामध्ये लॅरी ब्रे नावाच्या माणसानं ५२ ग्रॅमचा दगड ४३७ मीटर फेकल्याची नोंद आहे. म्हणून समोर दोनशे मीटर मोकळं, आणि, हे कुणी सांगत नाही, मागं आणि दोन्ही बाजूंना शंभर-शंभर मीटर मोकळं पाहिजे, कारण नवशिक्याचा दगड कुठल्याही दिशेला जातो.

पुण्यात राहायला आल्यावर मी पहिल्यांदा बंद पडलेल्या एका दगडखाणीत सराव केला, समोर उंच कातळ, एकदम सेफ, असं वाटून बाईक मागं तीस पावलांवर लावली. चौथा दगड बरोबर मागं. आरसा गेला, स्वतःचाच, त्यामुळे भांडायला पण कुणी नाही.

ज्वारी-गहू काढून मोकळं झालेलं रान, उन्हाळ्यात आटलेल्या तलावाचं पात्र, नांगरलेलं शेत, हे चांगलं. नांगरलेल्यात दगड उसळत नाही. शेत दुसऱ्याचं असेल तर विचारून जा, आणि दगड टाकून येऊ नका, पेरणीच्या वेळी तेच दगड त्याच्या औताला लागतात. रस्ता, विजेच्या तारा, सोलर पॅनल, पत्र्याची घरं, जनावरं, यातलं काहीही टप्प्यात असेल तर नको. शहरातल्या टेकड्या नको, झुडपाआडून कोण चालत येईल सांगता येत नाही. बघायला आलेल्यांना शेजारी उभं करू नका, झाडाच्या बुंध्याआड किंवा गाडीच्या पलीकडं उभं करा. पोरांना फक्त बॉल, आणि मोठं माणूस समोर असताना. डोळ्यांना साधा गॉगल तरी लावा.

सोडायची कशी

उजव्या हाताचं सांगतो, डावखुऱ्यांनी उलटं करावं.

आधी झोळी रिकामी ठेवून. डावा पाय पुढं, डावा खांदा लक्ष्याकडं, पाय खांद्याएवढे फाकलेले. फास मधल्या बोटात, गाठ चिमटीत. डाव्या हातानं झोळी खालून धरा आणि हात लक्ष्याकडं लांब करा, डोळ्यांच्या उंचीला. उजवा हात गालाजवळ. दोरी ताठ. धनुष्य ओढल्यासारखं दिसतं, फोटोला पण चांगलं येतं.

आता डाव्या हातानं झोळी नुसती सोडून द्या, ढकलू नका. ती झोपाळ्यासारखी खाली येईल, तुमच्या उजव्या मांडीजवळून मागं जाईल आणि मागून वर चढायला लागेल. उजवा हात तिच्याबरोबर मागं आणि वर जाऊ द्या. झोळी डोक्यामागं वर येतीय असं दोरीच्या ओढीवरून बोटाला कळतं, त्या वेळी डाव्या पायावर वजन टाका, कंबर वळवा आणि हात पुढं फेका, अगदी बाउंड्रीवरून किपरकडं थ्रो करतो तसा. आणि मूठ लक्ष्याकडं जाता जाता चिमूट उघडा. एकच फेरा झाला बघा. डोक्यावर गरागरा काही नाही. वेग त्या शेवटच्या पाव फेऱ्यात येतो, आधीचे आठ फेरे नुसती कसरत.

चिमूट उघडायची म्हणजे बोटं फाकून झटकायची नाहीत, नुसता दाब काढायचा. दोरी स्वतःच ओढून जाते.

सोडायचा क्षण डोक्यात असा बसवा: दोरी जिकडं ताणलेली असते तिकडं दगड जात नसतो, दोरीला काटकोनात जातो, चाकावरून चिखल उडतो तसा. त्यामुळे हात लक्ष्याच्या रेषेत पोचला आता सोडू, असं ज्या क्षणी वाटतं तेव्हा उशीर झालेला असतो. जरा आधीच सोडायची. किती आधी, ते लिहून सांगता येत नाही, शंभरेक बॉल गेले की हाताला कळतं.

असे रिकामे वीस-पंचवीस हात मारा, फाट आवाज यायला लागला की चाल बरोबर बसतीय असं समजा. मग बॉल.

काय चुकतंय ते ओळखायचं कसं

बॉल सरळ आभाळात गेला तर लवकर सोडला, पायापुढं जमिनीत आपटला तर उशीर केला. मागं गेला तर फारच लवकर, किंवा झोळीतून घरंगळला, मग आधी झोळी तपासा. उजवीकडं-डावीकडं जात असेल तर हाताचा फेरा उभा राहत नाहीये, आडवा होतोय. आडव्या फेऱ्यात लवकर सोडला की उजवीकडं आणि उशिरा सोडला की डावीकडं जातो, उभ्या फेऱ्यात चूक फक्त वर-खाली होते, म्हणून नवशिक्यानं उभाच फेरा धरावा. डोक्यावरून आडवी फिरवायची पद्धत माळ्यावर उभं राहणाऱ्यांना सोयीची, कारण खाली चहूकडं पीक असतं, गोफण खालून नेली तर कणसात अडकेल. आणि त्यांना एवढ्या मोठ्या थव्यात कुठंही गुंडा पडला तरी चालतं. आपल्याला डबा पाडायचाय.

कधी कधी गुंडा सुटल्यावर गोफणीचं टोक परत येऊन मनगटाला किंवा कानाला फटका देतं. हात मध्येच थांबवला की हे होतं. हात पूर्ण खाली डाव्या मांडीपर्यंत जाऊ द्या.

नेम

जुनं पोतं किंवा फ्लेक्स बांबूला ताणून बांधा, मीटर-सव्वामीटर चौरस, मध्ये फुटभराचा गोल रंगवा. दहा मीटरवरून सुरू. दहापैकी सहा पोत्याला लागले की पाच मीटर मागं सरका, नाही लागले तर तिथंच राहा. ताकद निम्मी वापरा. वहीत लिहून ठेवा, कारण मन फक्त लागलेले लक्षात ठेवतं. मला पंधरा मीटरला दहापैकी सहा व्हायला चार महिने लागले, रोज जात होतो असं नाही, शनिवार-रविवार. बॅलेआरिक बेटांवरच्या पोरांना म्हणे आई समोर भाकरी टांगायची, गोफणीनं पाडली तरच खायला मिळायची, जुन्या रोमन-ग्रीक लेखकांनी लिहिलंय तसं, खरं-खोटं त्यांना ठाऊक. तिथं आजही गोफणीच्या स्पर्धा भरतात.

एका बैठकीत तीस-चाळीसच. पहिल्या आठवड्यात मी दीडशे फेकले आणि पुढचे दहा दिवस शर्ट घालताना बायकोला हाक मारायला लागायची. आधी खांदे दोन्हीकडं गोल फिरवून घ्या, आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं की त्या दिवशी बंद.

आणि पाखरांवर नेम धरू नका. बहुतेक सगळे पक्षी १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहेत, ते आहेच. पण राखणीतही गुंडा पाखराला मारायला नसतोच, थव्याच्या पलीकडं किंवा वरून काढायचा, म्हणजे थवा पिकातून उठून लांब जातो. आजीनं एवढ्या वर्षांत भोरडी पाडलेली मी बघितली नाही. एकदा मी मुद्दाम नेम धरला तर तिनं गोफण काढून घेतली आणि दिवसभर डबडं वाजवायला बसवलं.

निगा

दर वेळी फेकायच्या आधी तीन जागा बोटानं चाचपायच्या: फासाचं मूळ, झोळी जिथं फुटते आणि जुळते त्या दोन फाटी, आणि गाठ. सुतळीचा एखादा पेड तुटलेला दिसला तर ती गोफण बाद, दुसरी विणा, तोवर हात बसलेला असतो, दीड तासात होते. फेकता फेकता फास तुटला तर गोफण दगडासकट जाते आणि कुठं जाईल याचा भरवसा नाही. सुतळीला पाणी सोसत नाही, भिजली तर पिळून सावलीत वाळत घालायची, ओली तशीच पिशवीत ठेवली की आठवड्यात कुजका वास येतो आणि महिन्यात दोरी हातात तुटते. ठेवताना घडी घालायची नाही, खिळ्याला फासानं टांगायची आणि झोळीत एक गोटा ठेवायचा, म्हणजे खोलगटपणा मोडत नाही. फक्त डोक्याच्या उंचीवर टांगू नका, आमच्याकडं त्यावरून एकदा झालंय.

उंदरांपासूनही जपा. माझी दुसरी गोफण उंदरानं खाल्ली, तीही झोळीच्या जाळीपासून सुरुवात करून.